जवळ्याच्या टोपलीतली देवी

आमच्या देवळात शिरताना उजव्या हाताला काळ्या ग्रॅनाइटची शिळा बसवली आहे. तिच्यावर सोनेरी अक्षरांत देवीची कथा कोरली आहे. काशीदहून मुरूडकडे निघालेले पर्यटक टेकडीखाली गाड्या लावतात, वर येतात, घंटा वाजवतात आणि ती कथा वाचतात. कोणी कोणी शेजारी उभं राहून फोटोही काढतात. कथा अशी: पूर्वी सात होड्यांचा धनी असलेल्या एका नाखव्याच्या जाळ्यात तेजस्वी पाषाण आला. देवीने त्याला स्वप्नात येऊन सांगितलं, मला उंचावर स्थान दे. त्याने टेकडीवर देऊळ बांधलं. तेव्हापासून देवी दर्याची राखण करते आहे.

यातलं काहीही खरं नाही. सात होड्या नव्हत्या, नाखवा नव्हता, स्वप्न पडलं नव्हतं. हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण ही कथा मीच सांगितली आहे.

खरी कथा मला माझ्या सासूने सांगितली. मी खाडीपलीकडच्या गावातली. लॉन्चमधून आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरले ती नवरी म्हणूनच, आणि लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात, जत्रेच्या दोन दिवस आधी, सासूने मला सुकवणीच्या खळ्यावर बसवलं. पुढ्यात जवळ्याचा ढीग होता. जवळा म्हणजे नखाएवढी सुकी कोलंबी. त्यातले शिंपले, कचरा, बारकी मेलेली खेकडी वेचून काढायची होती. ऊन डोक्यावर होतं आणि मला घरी जायचं होतं.

"ऐक," सासू म्हणाली. "एकदाच सांगीन. मधी तोंड घालायचा न्हाय."

आमच्या घराण्यात पूर्वी एक बाई होती. नवरा दर्यात गेला तो परत आला नाही. दिरांनी होडी ठेवून घेतली, जाळी ठेवून घेतली आणि तिला विचारलं, तुझं इथे आता काय आहे? तिने भांडण केलं नाही. पुरुष जाळी झाडायचे तेव्हा वाळूवर जो बारीक जवळा सांडायचा, जो उचलायला कोणी वाकत नसे, तो ती हाताने गोळा करायची. वाळवायची, टोपलीत भरायची आणि डोंगर ओलांडून आतल्या शेतकरी गावांत न्यायची. तिथे जवळा देऊन भात घ्यायची. त्यावर ती आणि तिचं पोर जगलं.

एकदा ती अशीच निघाली. टेकडीच्या चढावर टोपली एकाएकी जड झाली. उतरवून पाहिली तर जवळ्याखाली तळहाताएवढा दगड. ओला, आणि त्याला कालवं चिकटलेली. तिला वाटलं, दिराच्या बायकोने मस्करी केली. तिने तो झुडपात फेकला. शेतकऱ्यांच्या गावी जाऊन जवळा ओतला तर तळाशी तोच दगड. तिने तो शेताच्या बांधावर टाकला. भात भरून परत फिरली आणि त्याच चढावर मान मोडायची वेळ आली. भाताखाली तोच दगड, आणि तो अजून ओलाच.

"तवा ती बसली खाली," सासू म्हणाली, "आणि दिल्या तिने देवीला शिव्या."

"देवीला?"

"मधी बोलू नको म्हटलं ना. तिला कुठं ठावं देवी हाय? ती म्हणाली, मेल्या दगडा, जाताना वाहिला, येताना वाहिला, माझी मान काय तुझ्या बापाची हाय? तवा दगड बोलला. म्हणाला, मी आई हाय. मला हितंच ठेव. तर ती म्हणते कशी, ठेवते. पण माझ्या टोपलीतून आलीस, ध्यानात ठेव. उद्या देऊळ होईल, फुलं येतील, कापूर येईल. त्या दिवशी माझ्या टोपलीचा वास आला म्हणून नाक मुरडायचं न्हाय."

"मग?"

"मग काय? देवी व्हय म्हणाली."

म्हणून जत्रेला पालखी उठायच्या आधी आमच्या घरची सून जवळ्याची टोपली डोक्यावरून नेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवते. सगळे गप्प होतात. ती मोठ्याने विचारते, "आई, वास येतो का गो?" आणि आतून गुरव देवीच्या वतीने उत्तर देतो, "न्हाय येत. उचला." त्यानंतर पालखी उचलायची. त्याआधी गावात कोणाचीही हिंमत नाही. पालखी गेल्यावर बायका टोपलीतला चिमूटभर जवळा घरी नेऊन तांदळाच्या डब्यात टाकतात.

त्या पहिल्या वर्षी माझा आवाज फुटेना. गुरवानेच आतून हळूच सांगितलं, "मोठ्यानं विचार गो, देवी म्हातारी हाय." लोक हसले. मी ओरडलेच. आतून उत्तर आलं आणि पालखी माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर उठली, ते मला आजही आठवतं. एकोणीस वर्षांची मी, परक्या गावातली. त्या दिवसापर्यंत मला कोणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. आणि तिथे माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय देवी हलत नव्हती.

पुढची चाळीस वर्षं मी टोपल्या वाहिल्या. नवऱ्याची पाठ लवकर गेली, होडीतला वाटा गेला. मी डोक्यावरून मासळी विकली, मग सायकलवाल्याच्या मागे बसून विकली, मग हॉटेलांना घालायला लागले. आज माझे दोन टेम्पो आहेत, बर्फाची खोली आहे. मला हे कोणी दिलेलं नाही. माझ्या तोंडाला गाव घाबरतं आणि घाबरावं असं मलाही वाटतं, कारण गप्प बसलेल्या बाईला धक्क्यावर सडकी मासळी मिळते. गिऱ्हाईक एक बोललं तर मी चार बोलले आहे. पण वर्षातली ती एकच टोपली अशी होती जिच्यासाठी मी कधी घासाघीस केली नाही. ठेवायची, विचारायचं, उत्तर घ्यायचं.

मला तेवढंच परत हवं आहे. शिळेवर काय कोरलं ते त्यांना लखलाभ. माझी टोपली उंबऱ्यावर हवी.

दहा-बारा वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी वही घेऊन माझ्या ओट्यावर आले. देवळाची पुस्तिका छापायची होती. देवी तुमच्या घराण्याला सापडली, तेव्हा कथा तुमच्याकडूनच घेतो, म्हणाले. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. नुकताच पहिला टेम्पो घेतला होता. तो दारात उभा होता आणि गुरुजी तो बघत होते, हे मी बघत होते.

मासळीची टोपली मांडायची एक रीत असते. मऊ पडलेली खाली, कडक वर. पापलेट असेल तर त्याचं पोट गिऱ्हाइकाकडे, डोळा वर. याला कोणी खोटं म्हणत नाही. सगळेच मांडतात. न मांडलेली टोपली कोणी बघतसुद्धा नाही.

"पाषाण कुणाला सापडला?" गुरुजींनी विचारलं.

मला ती बाई डोळ्यांपुढे आली. दिरांनी हाकललेली, वाळूवर वाकून सांडलेलं वेचणारी. आणि मी दारातल्या टेम्पोकडे पाहिलं.

"आमच्या मूळ पुरुषाला," मी म्हणाले. "मोठा नाखवा होता."

"मी तर लहानपणी ऐकलं होतं, कोणी बाई होती. टोपलीत आला दगड."

"बायका काय, खळ्यावर बसून काहीही सांगतात, गुरुजी. ते काय छापायचं?"

"होड्या किती होत्या?"

"सात."

सात का, ते सांगते. भाव सांगताना आपण चढाच सांगतो, कारण गिऱ्हाईक पाडून मागणार हे ठरलेलं असतं. मी सात म्हटलं ते गुरुजी दोन-तीनवर आणतील म्हणून. गुरुजींनी घासाघीसच केली नाही. सात लिहिल्या. मग मीही थांबले नाही. तेज घातलं, स्वप्न घातलं. त्यांनी सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "टोपलीचा मान लिहू का?"

"तो आहेच," मी म्हणाले. "जे डोळ्यांसमोर आहे ते कशाला लिहायचं?"

त्यांनी वही पुढे केली आणि मी सही केली. सातवीपर्यंत शिकलेय मी, अंगठा लावत नाही. झोकात केली सही.

पुस्तिका छापून आली आणि मला देवळाच्या कमिटीत पहिली खुर्ची मिळाली. नाखव्याच्या घराण्यातली म्हणून. हाकललेल्या विधवेच्या घराण्याला खुर्ची मिळाली असती का? नसती मिळाली. मी तेव्हाही हिशेबात चुकले नव्हते असं मला वाटायचं. पर्यटक आले की अध्यक्ष मला बोलावून घ्यायचे आणि मी कथा सांगायचे. सात होड्या, तेज, स्वप्न. लोक हात जोडायचे. आणि चैत्रात मी टोपली उंबऱ्यावर ठेवायचे, गुरव उत्तर द्यायचा. मला वाटलं दोन्ही चालेल.

मग देवळाचा जीर्णोद्धार निघाला. जुना चिऱ्याचा उंबरा काढून ग्रॅनाइटचा बसवला. त्याच वर्षी म्हातारा गुरव गेला. त्याचा मुलगा पनवेलकडे कंपनीत आहे, तो काही यायचा नाही. कमिटीने घाटावरचा एक तरुण पुजारी पगारावर आणला. आणि जत्रेच्या महिनाभर आधी बैठक झाली.

अध्यक्ष आमच्यातलाच. बापाची होडी विकून त्याने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. माझ्या मुलाबरोबर वाढलेला, मला काकी म्हणतो. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काकी, यंदा टोपलीचं जरा बघायला पाहिजे."

"काय बघायचंय? मी बघितलीय. चाळीस वर्षं."

"उंबरा नवा आहे. दगड वास धरतो. मुंबईची माणसं येतात, नाकाला रुमाल लावतात."

"मग पायरीवर ठेवते."

"पायरीवर लोक फोटो काढतात."

"तुळशीपाशी."

"तिथं चपलांचा स्टँड झालाय."

मी खाली उतरत होते. जन्मात कधी एवढी उतरले नव्हते, आणि तेही समोरच्याने एक आणासुद्धा न चढता. मी म्हणाले, "मग तूच जागा सांग."

"पार्किंगपाशी चौथरा बांधून देऊ. छान फरशी लावू. फक्त झाकणाच्या डब्यातून आणा."

"देवी डब्यातून आली होती का रे?"

त्याने टेबलाच्या खणातून पुस्तिका काढली. रागावला नाही, तेच मला जास्त लागलं. "काकी, देवी टोपलीतून आली असं यात कुठे आहे ते दाखवा. जाळ्यात आली असं आहे. नाखव्याच्या. टोपलीचा शब्दच नाही. आणि ही सही बघा कोणाची आहे."

"तू स्वतः पाहिलंयस. तुझी आजी माझ्या टोपलीतला जवळा न्यायची दरवर्षी. पदरात बांधून."

"नेत असेल. आजी नाही आता. आणि काकी, मान सुनेचा ना? तुमच्या सुनेला येऊन सहा वर्षं झाली. तिने एकदा तरी टोपली उचलली का? तुमच्याच घरात बंद पडलंय ते, आम्ही कशाला चालवायचं?"

माझ्या डोक्यात गेलं. मी उठले आणि म्हणाले, "मग नाही येत माझी टोपली. ठेवा तुमचा उंबरा चाटून पुसून. बघते पालखी कशी उठते."

आणि मी चालू लागले.

हीसुद्धा आमची रीत आहे. भाव जमेना की टोपली उचलायची आणि चालायला लागायचं. मागे बघायचं नाही. गिऱ्हाईक चार पावलांवर हाक मारतं, नाहीतर आठ पावलांवर. "ए बाई, ये गो, ये." चाळीस वर्षांत मला हाक आली नाही असं फार थोड्या वेळा झालं. मी मंडपातून सावकाश चालले. चपला सावकाश घातल्या. पायऱ्या उतरताना वळणावर थांबून चपलेचा पट्टा नीट केला. तो मुळी सुटलाच नव्हता. वरून कपबशांचा आवाज आला. कोणीतरी कॅमेरे कुठे लावायचे ते विचारत होतं.

बैठकीच्या वहीत त्यांनी लिहिलं, सदर कुटुंबाने टोपलीचा मान स्वखुशीने सोडला.

त्या वर्षी पालखी उठली. मी घरात बसून ढोल ऐकले. बघते कशी उठते, असं म्हणाले होते. साधीच उठली.

नंतर मी गुरुजींकडे गेले. त्यांना आता नीट दिसत नाही. मुलीने आणून बसवलं. मी म्हणाले, गुरुजी, ती वही काढा, कथा दुरुस्त करायची आहे. आणि मी खरी कथा सांगितली. पहिल्यापासून. दीर, सांडलेला जवळा, तीनदा आलेला दगड, शिव्या, नाक मुरडायचं नाही.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बाई, ही फार चांगली आहे. त्या दिवशी ही का नाही सांगितली?"

"आता सांगतेय ना!"

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं."

"मास्तरकी करू नका. लिहा."

"लिहीन. पण कमिटी काय म्हणेल ठाऊक आहे? मान गेला म्हणून बाईने नवी कथा रचली."

मी त्यांच्यावरही ओरडले. म्हाताऱ्या माणसावर, त्याच्या घरात, त्याच्या मुलीसमोर. तुम्ही शिकलेले होतात, तुम्हाला कळायला हवं होतं, म्हणाले. हे माझं अजूनही म्हणणं आहे. मी खोटं सांगितलं हे खरं. पण मी खोटं सांगत होते तेव्हा अख्ख्या गावाला खरं ठाऊक होतं. दरवर्षी तो प्रश्न आणि ते उत्तर त्यांनी कानांनी ऐकलं होतं. मी घरोघर गेले. "व्हय गो, आठवतंय की," असं प्रत्येक दारात म्हणाले. मग एका कागदावर सही द्या म्हटलं की कोणाची पोरगी देवळापाशी नारळाचं दुकान लावते, कोणाच्या पोराला अध्यक्षाच्या खोल्यांवर काम आहे. माझ्या पहिल्या टोपलीला हसलेली बाई अजून जिवंत आहे. ती माझा हात धरून म्हणाली, "तूच तर सांगायचीस ना गो सात होड्यांचं, माईकवरून."

आणि सून. ती रोह्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली, बारावी शिकलेली. आली त्या आठवड्यात खळ्यावरून जाताना तिने ओढणी नाकाला लावली. नवीन होती, लावली असेल. मी ते मनात धरलं. पहिल्या चैत्रात टोपली तिच्या डोक्यावर द्यायची, कथा सांगायची, असा नेम. मी म्हणाले, आधी एक हंगाम खळ्यावर बस, नाक सरळ कर, मग बघू. तिने फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर नोकरी धरली. मी म्हणाले, मग टोपली माझ्याकडेच राहू दे. ती कधी मागायला आली नाही आणि मी कधी द्यायला गेले नाही. ती येऊन मागेल, मग देईन, असं मी सहा वर्षं धरून बसले. कोणाच्या वासाला नाक मुरडायचं नाही, ही अट ज्या कथेत आहे ती कथा मी तिला एका ओढणीपायी सांगितली नाही.

यंदा जत्रेच्या दिवशी सकाळी मी टोपली भरली. वर मांडलं काही नाही. जसा आला तसा जवळा. मुलगा म्हणाला, "आई, तमाशा करू नकोस." मी म्हणाले, मान मागत नाही, पालखीही संध्याकाळी आहे. सकाळी कोण असतं? साधी भक्त म्हणून जाते. उंबऱ्यावर ठेवते, विचारते, उचलून आणते. सून ड्युटीला निघाली होती. ती म्हणाली, "मम्मी, चढ आहे. मी स्कूटरवर सोडते." टोपली आम्हा दोघींच्या मध्ये घेतली. तिच्या पाठीला ती टेकली होती. तिने स्कूटर सुरू केली.

देवळात दोन-तीन पर्यटक आणि तो पुजारी. गोरा, लहानखुरा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. त्याचं माझं कधी वाकडं नाही, तो मला आजी म्हणतो. मी टोपली डोक्यावर घेऊन मंडप ओलांडला आणि उंबऱ्यावर ठेवली. अडवलं नाही कोणी. ग्रॅनाइट गार होतं. आत देवी चांदीच्या मुखवट्याखाली होती, दगड दिसत नव्हता. पुजारी आत तिच्या पायाशी फुलं लावत होता, माझ्याकडे पाठ करून. तो गुरवाच्याच जागी बसला होता, त्याच कोपऱ्यात, आणि माझं मन म्हणालं, कदाचित.

मी विचारलं. मोठ्याने. "आई, वास येतो का गो?"

तो वळला. त्याने टोपली पाहिली, माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मी त्यालाच विचारते आहे.

"हो ना, आजी, येतो," तो म्हणाला. अगदी सौम्यपणे. "जरा बाहेर घेता का? आत्ता नैवेद्य लावायचाय."

त्याची काय चूक? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शिळेवर ते नाही, पुस्तिकेत नाही, आणि पुस्तिकेखाली सही माझी आहे. मी गिऱ्हाइकांना बोलले, दलालांना बोलले, पोलिसालासुद्धा एकदा बोलले आहे. उत्तर सुचलं नाही असं मला आठवत नाही. त्या उंबऱ्यावर मी फक्त वाकले आणि टोपली उचलली.

खाली सून स्कूटरपाशी थांबली होती. ड्युटीला उशीर होत होता तरी थांबली होती. मी बसले. अर्ध्या उतारावर तिने मागे न बघता विचारलं, "मम्मी, त्याने काय म्हणायला हवं होतं?"

म्हणजे ती पायऱ्यांपर्यंत आली होती. तिने ऐकलं होतं. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते तिने आता मागितलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं. आमच्या घराण्यात पूर्वी, असं म्हणाले, आणि जिभेवर आधी आल्या त्या सात होड्या. एवढी वर्षं माईकवरून सांगून सांगून वाट तीच मळली होती. सासूचा आवाज मी आठवून पाहिला. ऊन आठवलं, जवळा आठवला. ती बाई शिव्या देते तेव्हा नेमकं काय म्हणाली, त्यातला एक शब्द पुढे एक मागे होऊ लागला. गुरुजींना सांगितलं ते बरोबर होतं की तेही मी रागात मांडलेलंच होतं, याची मला खात्री राहिली नाही.

"सांगेन नंतर," मी म्हणाले.

चढाच्या मध्यावर जुनी कोकमाची झाडं असलेली एक जागा आहे. बाईने टोपली उतरवली ती तिथेच, असं सासू दाखवायची. मी सुनेला तिथे थांबायला सांगितलं. उतरले. टोपली खाली ठेवली आणि परत उचलून पाहिली. घरून निघाले होते तेवढीच होती. मग मी जवळ्यात हात घातला, कोपरापर्यंत, तळाला लागेपर्यंत. कडेकडेने सगळा फिरवला. हाताला बांबूच्या पट्ट्या लागल्या.

"काय शोधताय?" सुनेने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "ओला तर नाही झाला, बघते."

जवळा कोरडा होता. मी हात झटकला आणि तिच्या मागे जाऊन बसले.